पाण्याची वेळ

३ एप्रिल, शुक्रवार

प्रिय मामा,

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते. यातलं पुष्कळसं तुला माहीत आहे. पण चौकशी अधिकाऱ्यांना द्यायच्या टिपणाचा हा मसुदा आहे, म्हणून माहीत असलेलंही लिहिलं आहे आणि तुला गाडीचालक म्हटलं आहे. चूक असेल तिथे दुरुस्त कर.

१. रविवारी, २९ मार्चला पहाटे, शहराने नेहमीप्रमाणे घड्याळं एक तास पुढे केली. उन्हाळी वेळ सुरू झाली.

२. भरती-ओहोटीच्या छापील पुस्तिकेत बाराही महिने प्रमाणवेळ असते. तिच्यात उन्हाळी तास मिळवलेला नसतो. ही पुस्तिका आमच्या विभागात तयार होते.

३. गाडीचालकाकडे पुस्तिकेशिवाय मोठ्या आकड्यांचा एक तक्ता होता. तो मी करून पाठवला होता.

४. सोमवारी, ३० मार्चला, गाडीचालक आणि कंपाउंडर दवाखान्याची गाडी घेऊन शहरातून बेटावर गेले. मधला रस्ता भरतीत बुडतो. त्याला फरशी म्हणतात. बेटावर औषधांच्या सहा पेट्या उतरवल्या.

५. त्या दिवशीची ओहोटी प्रमाणवेळेने नऊ वाजून दहा मिनिटांनी होती. ओहोटीनंतर दोन तासांपर्यंत फरशी ओलांडता येते, म्हणजे अकरा दहापर्यंत.

६. गाडी बेटावरून परत निघाली तेव्हा प्रमाणवेळेने अकरा चाळीस झाले होते. दाट धुकं होतं.

७. मधल्या खोलगट भागात गाडी बंद पडली. पाणी चढत होतं. कंपाउंडर कडेचे खांब शोधायला खाली उतरला.

८. गाडीचालकाला प्रमाणवेळेने साडेबाराच्या सुमारास होडीवाल्यांनी गाडीच्या टपावरून उतरवलं. कंपाउंडर मंगळवारी सकाळी सापडला.

पाचव्या आणि सहाव्या नोंदीत अर्ध्या तासाची तफावत आहे. बावीस वर्षांत तुझ्या हातून पाच मिनिटांची झाली नव्हती. चौकशी २४ एप्रिलला आहे. पुस्तिकेतले आकडे बरोबर होते की नाही, एवढंच विभागाला विचारलं आहे. यंदाची गणितं माझी असल्यामुळे उत्तर मी लिहायचं आहे. आकडे बरोबर होते. मी तीनदा तपासले.

मला दोन गोष्टी हव्यात. त्या दिवशी तू पुस्तिका पाहिलीस की माझा तक्ता? आणि वेळ कोणत्या घड्याळात पाहिलीस?

फोनवर तू "बरं आहे" एवढंच म्हणतोस आणि फोन मामीकडे देतोस. म्हणून पत्र. मामीला सांग, मी वेळेवर जेवते आहे.

तुझी भाची


७ एप्रिल

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने वाचून दाखवलं. मग मी भिंग घेऊन पुन्हा वाचलं. लहानपणी दूध सांडलं तर तू आधी किती सांडलं ते मोजायचीस आणि मग रडायला बसायचीस. तुझी आई गेली त्या आठवड्यातही जिन्याच्या पायऱ्या मोजून आलीस आणि मला म्हणालीस, "मामा, तुमच्याकडे एक जास्त आहे." तेव्हापासून तू या घरात मोजपट्टी. हे पत्रही तसंच आहे. राग नाही, सांगतो आहे.

टिपणात चूक एकच. सातव्या मुद्द्यात कंपाउंडर खांब शोधायला उतरला असं लिहिलंस. उतरणार मी होतो. दार उघडलंही होतं. त्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, "तू बस. तुला दिसत नाही." मग तो उतरला. कमरेएवढ्या पाण्यात दोन खांबांपर्यंत गेला, तिथून मला त्याची टोपी दिसत होती, मग टोपीही दिसेना. लिहायचं तर हे लिही.

बाकी प्रकरण सोपं आहे. डोळे. अकराचे बारा वाचले. कागद कोणता होता ते आता कशाला? पाण्यात गेला. चौकशीच्या साहेबांना मी तसं लिहून दिलं आहे, खाली सही केली आहे. त्यांनी विचारलं, चष्म्याचा नंबर कधी तपासला होता? मी म्हणालो, चार वर्षं झाली. त्यांनी मान हलवली आणि वही मिटली. गाडीच्या किल्ल्या मी त्याच टेबलावर ठेवून आलो.

तिसऱ्या दिवशी कंपाउंडरची बायको, म्हणजे आपल्या वहिनी, आल्या होत्या. मामीने चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, जिथे तो बसायचा, बूट न काढता, कारण नेहमी निघायच्या घाईत. त्यांनी एकच गोष्ट विचारली. "भाऊजी, एवढंच सांगा. तुम्ही घड्याळ बघितलं होतं का?"

मी काही बोललो नाही. नाही म्हणावं तर ते खोटं. हो म्हणावं तर पुढचा प्रश्न येतो. त्या उठून गेल्या. आता समोरून आल्या की रस्ता ओलांडून जातात.

अकरा वर्षं तो माझ्या शेजारच्या सीटवर बसला. रोज एकच टोमणा. "तुझ्या गाडीपेक्षा पाणी लवकर पोचतं." मी रोज म्हणायचो, मग पाण्यानेच जात जा. आता हे कुणाला सांगू?

तू पुस्तिकेपुरतं लिही. पुस्तिका बरोबर होती, असं लिही, सही कर आणि विषय मिटव. तुझा तक्ता हा घरचा कागद. तो चौकशीत आणायचं काही कारण नाही.

मामी विचारते, वेळेवर म्हणजे किती वाजता?

तुझा मामा


१० एप्रिल, शुक्रवार

प्रिय मामा,

सातवी नोंद दुरुस्त केली. तुझे शब्द जसेच्या तसे घातले.

कागद पाण्यात गेला नाही. होडीवाल्यांचा जबाब विभागाकडे आला आहे. त्यात असं आहे: "टपावरच्या माणसाच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटातला कागद होता. दोर टाकला तेव्हा त्याने आधी पाकीट शर्टात घातलं आणि मग दोर धरला." पुस्तिका पाकिटात मावत नाही. तक्ता मावतो. ते पाकीट मीच पाठवलं होतं.

म्हणून आता मला एक गोष्ट सांगायला हवी. ती मी पहिल्या पत्रात लिहिली नाही.

तुझ्या घरात घड्याळाचा नियम काय होता ते मला पाठ आहे, कारण तो तूच शिकवलास. स्वयंपाकघरात दोन घड्याळं. भिंतीवरचं शहराचं, ते वसंतात तासभर पुढे आणि शरदात तासभर मागे. दाराशेजारच्या खिळ्यावरचं मनगटी घड्याळ पाण्याचं, त्याचा काटा कधीच फिरवायचा नाही. मी सहा वर्षांची असताना विचारलं होतं की पाण्याचं घड्याळ मागे का पडलं. तू म्हणालास, ते मागे पडलेलं नाही, लोक पुढे गेलेत. संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून माणसं आपसांत ठरवून तासभर लवकर उठतात. पाण्याला ते कुणी कळवत नाही. मामी म्हणायची, एक घड्याळ जेवायला, एक न भिजायला.

आमचा विभागही तेच करतो. आमच्याकडे एकोणीस वर्षांच्या सलग नोंदी आहेत. तास मिळवला तर वर्षात एक दिवस तेवीस तासांचा होईल आणि एक पंचवीस तासांचा, आणि नोंदींची माळ दोन ठिकाणी तुटेल. म्हणून प्रमाणवेळ, बाराही महिने. नोकरीच्या पहिल्या दिवशी वरिष्ठ हे मला समजावून सांगायला लागले, तेव्हा मला फार सोपं वाटलं होतं.

डिसेंबरात मी घरी आले तेव्हा तू पुस्तिका नाकाला टेकवून वाचत होतास. तुझ्या मनगटावर शहराचं घड्याळ होतं. पाण्याचं खिळ्यावर होतं, त्याच्यावर धूळ होती. चारही दिवस ते तिथेच होतं. मला वाटलं, तू दोन घड्याळांची पद्धत सोडलीस. म्हणजे उन्हाळ्यात तुला दर फेरीला मनात एक तास मिळवावा लागणार, तोही नीट दिसत नसताना. मी जानेवारीत, २९ मार्चपासूनच्या उन्हाळी महिन्यांपुरता, मोठ्या आकड्यांचा तक्ता केला आणि तो तास आधीच मिळवून टाकला. त्यात ३० मार्चची ओहोटी दहा दहाला. शेवटची वेळ बारा दहा. शहराच्या घड्याळाने वाचायचं, बेरीज करायची नाही.

तुला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुला बेरीज जमत नाही असं मला वाटतं, असं तुला वाटलं असतं.

तक्त्याच्या तळाशी ओळ आहे: उन्हाळी तास मिळवलेला आहे. पण ती लहान अक्षरांत आहे. आकडे मोठे केले तेव्हा ती ओळही मोठी करायला हवी होती. तेवढी चूक माझी आहे आणि ती मी टिपणात लिहीन. तू ती ओळ न वाचता मनगटावरचं पाण्याचं घड्याळ पाहिलंस, असा माझा तर्क आहे. बरोबर की चूक, कळव. आणि कागद पाठव.

मामीला: साडेबारा आणि साडेआठ.

तुझी भाची


१३ एप्रिल

चि. मोजपट्टीस,

पाकीट माझ्याकडे आहे. कपाटात, कपड्यांखाली. मामीलाही माहीत नव्हतं, आता झालं, कारण तुझं पत्र तिनेच वाचलं आणि वाचून झाल्यावर सरळ कपाटाकडे गेली.

घड्याळाचं ऐक. डिसेंबरात पट्टा तुटला होता. हिवाळ्यात दोन्ही घड्याळं एकच वाजवतात, मग घाई कशाला म्हणून ते खिळ्यावर लटकत ठेवलं. फेब्रुवारीत पट्टा बदलून आणला. एवढंच. तू फोनवर विचारलं असतंस तर एका वाक्यात सांगितलं असतं. पण तू विचारणारी नव्हेस, बघणारी. तेही मीच शिकवलं असेल.

रविवारी संध्याकाळी मी नेहमीसारखी तयारी केली. टेबलावर दिवा ओढला, भिंग घेतलं, तुझा कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. पाण्याचं घड्याळ मनगटावर बांधलं. बावीस वर्षं हेच करतो. सोमवारी निघालो.

आता जे लिहितो ते साहेबांना सांगितलेलं नाही, वहिनींना नाही, मामीलाही आत्ताच कळतंय, कारण ती शेजारी बसून मी काय लिहितो ते बघते आहे.

जाताना पाण्याच्या घड्याळात नऊ वाजले होते. तुझ्या कागदाप्रमाणे ओहोटीला तास बाकी होता, म्हणजे खोलगट भागात टायर भिजण्याइतकं पाणी हवं होतं. फरशी कोरडी ठणठणीत होती. कंपाउंडरने काच खाली केली आणि बाहेर डोकावून म्हणाला, "आज पाणी लवकर गेलं रे. तुझा कागद तपास."

मी म्हणालो, "कागद माझ्या भाचीने केलाय. पाणी चुकेल, ती चुकायची नाही."

तो हसला. म्हणाला, "मग पाण्याचीच चौकशी लावू."

आणि काच वर केली.

म्हणजे बघ. पाणी डोळ्यांसमोर होतं. त्याने दाखवलंही. बावीस वर्षं फरशी ओलांडणारा माणूस थांबला असता, खाली उतरला असता, खांबावरची खूण पाहिली असती. मी कागदावर विसंबलो आणि वर फुशारकी मारली. परतताना धुकं होतं, पण चूक त्या वेळी झाली नाही. चूक सकाळीच झाली होती, लख्ख उजेडात.

तेव्हा दोष माझा. खालची ती ओळ लहान होती, मला दिसली नाही, संपलं. मी आज ना उद्या गाडीवरून उतरणारच होतो. तू सत्तावीस वर्षांची आहेस. तुझ्या आकड्यांवर माणसं बोटी सोडतात. एकदा नावाला डाग लागला की तुझ्या प्रत्येक आकड्यावर कुणीतरी बोट ठेवेल. मला ते बघायचं नाही.

कागद मी या आठवड्यात जाळणार आहे. मामी नको म्हणते. तिचं नि माझं दोन दिवस बोलणं नाही. तू तिच्या बाजूने बोलू नकोस.

तुझा मामा


१६ एप्रिल, गुरुवार

प्रिय मामा,

तू लिहितोस, कागद भिंगाने दोनदा वरपासून खालपर्यंत वाचलास. पुढे लिहितोस, खालची ओळ दिसली नाही. दोन्ही खरं असू शकत नाही. काल सकाळी तुझं पत्र मिळाल्यावर मी कार्यालयात जाऊन जानेवारीतली माझी फाइल उघडली. ती आधीच उघडायला हवी होती. ओळ काय आहे ते मला ठाऊक आहे असं मी धरून चालले होते.

तळाशी ही ओळ आहे: वेळा प्रमाणवेळेनुसार आहेत. उन्हाळी तास मिळवलेला नाही.

विभागाच्या प्रत्येक पानाखाली ही ओळ आपोआप येते. मी दोनशे दहा दिवसांच्या ओळींमध्ये एकेक तास मिळवला, दोनदा पडताळला, आणि पानाखालचं ते वाक्य तसंच राहिलं. ते मी रोज इतक्या वेळा पाहते की मला ते दिसत नाही. तुझ्या डोळ्यांना त्रास नको म्हणून मी तो तक्ता केला होता.

म्हणजे तू ती ओळ वाचलीस. कागद म्हणाला, या वेळा प्रमाणवेळेच्या आहेत. तू प्रमाणवेळेचं घड्याळ बांधलंस. कागदाने सांगितलं तेच तू अचूक केलंस. टपावर उभा असताना कागदात काय चुकलं असेल ते तुला कळलं होतं, म्हणूनच तू दोर धरण्याआधी पाकीट लपवलंस. आणि साहेबांना सांगितलंस, डोळे.

माझ्या पहिल्या टिपणात तिसरी नोंद अपुरी होती. ती आता अशी आहे:

३. गाडीचालकाकडे मोठ्या आकड्यांचा एक तक्ता होता. तो मी विभागाच्या यंत्रावर, विभागाच्या छापील चौकटीत केला. त्यातल्या सर्व वेळांत मी उन्हाळी तास मिळवला होता. तक्त्यावर मात्र तास मिळवलेला नाही असं लिहिलेलं होतं. तास मिळवल्याचं मी गाडीचालकाला कळवलं नव्हतं. तो कोणतं घड्याळ वापरतो हे मी त्याला विचारलं नव्हतं. हिवाळ्यात चार दिवस जे पाहिलं त्यावरून मी ठरवलं. हिवाळ्यात दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत असल्याने त्यावरून काहीही सिद्ध होत नव्हतं.

काल दुपारी मी हे विभागप्रमुखांना दाखवलं. ते म्हणाले, पुस्तिकेबद्दल विचारलं आहे, पुस्तिकेपुरतं लिहा, घरच्या कागदाचा विषय कशाला? म्हणजे तुझंच वाक्य. मी म्हणाले, खालची ओळ घरची नाही, विभागाची आहे. संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून तक्त्यांचं काम काढून घेतलं, चौकशी होईपर्यंत. मला जुन्या नोंदींच्या वह्या लावायला दिल्या आहेत. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. तुझ्या पत्रात त्याची भीती होती. ते घडून गेलं आहे, आता त्यासाठी कागद जाळण्याचं कारण उरत नाही.

कंपाउंडर जाताना जे म्हणाला ते मी टिपणात घातलेलं नाही. तो तुझ्या शेजारी बसला होता, माझ्या नाही. ते सांगायचं की नाही आणि कुणाला, हे तू ठरव. पण त्याबद्दल एक गोष्ट मला लिहायची आहे. पाणी चुकेल, ती चुकायची नाही, हे वाक्य मी काल रात्रीपासून किती वेळा वाचलं ते मोजलेलं नाही.

वहिनींना मी आज पत्र टाकलं. त्यांनी तुला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. पूर्ण पत्र इतकंच: "हो, त्यांनी घड्याळ बघितलं होतं. घड्याळ बरोबर होतं. कागद चुकीचा होता. तो मी केला होता." खाली माझं नाव आणि पत्ता लिहिला. उत्तर मागितलेलं नाही. त्या तुझ्याकडे आल्या तर या वेळी गप्प बसू नकोस.

आता कागदाचं. फाइल माझ्याकडे आहे, पण फाइल मागाहून बदलता येते असं ते म्हणतील. भाची मामाला वाचवायला दोष ओढून घेते आहे, असंही म्हणतील. तू सही करून दिलेला जबाब त्यांच्याकडे आहेच. तुझ्या पाकिटातला कागद सोडला तर दुसरा पुरावा नाही. तो जाळलास तर माझं खरं बोलणं खोटं ठरेल आणि तुझं खोटं कायमचं खरं होईल. वहिनींना मग दोन उत्तरं मिळतील, आणि त्या कोणतं धरतील हे मला सांगता येत नाही.

माझ्या खोलीतलं घड्याळ मी २९ मार्चला पुढे केलं होतं. काल मागे घेतलं. कार्यालयात जायला आता रोज एक बेरीज करावी लागेल. आज जमली.

मामीशी बोल. मी तिच्या बाजूने बोलते आहे.

विनंती अशी: कागद पाकिटासकट, न दुमडता, रजिस्टर पोस्टाने पाठव. पाठवतो आहेस की नाही, हे मला मंगळवार, २१ एप्रिल, दुपारी बारा वाजेपर्यंत कळव. बारा प्रमाणवेळेने. तास मिळवलेला नाही.

तुझी
मोजपट्टी